पीआरची फाइल सुरू असताना कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा कसा मागावा

कॅनडाच्या पीआरची, म्हणजे तिथे कायमचं राहण्याच्या परवान्याची, तयारी चालू असते आणि मध्येच टोरांटोच्या भावाचं लग्न ठरतं. किंवा बहीण बाळंत होणार असते. किंवा नवरा ब्रॅम्प्टनला, बायको पिंपरीत आणि स्पॉन्सरशिपची, म्हणजे तिकडच्या जोडीदाराच्या हमीवर मागितलेल्या पीआरची, फाइल महिनोन्‌महिने हलत नाही. अशा वेळी प्रत्येक घरात तेच दोन प्रश्न येतात. आता व्हिजिटर व्हिसा मागितला तर पीआर अडकेल का? आणि पीआरचं खरं सांगितलं तर व्हिसा नाकारतील का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: नाही, अडकत नाही. दुसऱ्याची भीती मात्र लोकांना चुकीच्या वाटेला नेते. 'पीआरचा उल्लेखच करू नका' हा सल्ला शेजारीपाजारी देतात, ओळखीचे देतात, आणि फी घेणारे एजंटही देतात. माझ्या मते या सगळ्या प्रवासातला हा सर्वांत घातक सल्ला आहे. का, ते कायद्यातच दिसतं.

कॅनडाचा इमिग्रेशनचा सध्याचा मुख्य कायदा २००१ मध्ये मंजूर झाला आणि जून २००२ पासून लागू आहे. त्याच्या कलम २२ च्या दुसऱ्या उपकलमात म्हटलंय की, कायमचं स्थायिक होण्याची इच्छा असली म्हणून कोणाला तात्पुरता प्रवेश नाकारता येत नाही. अट एवढीच की दिलेल्या मुदतीच्या शेवटी ती व्यक्ती देश सोडेल, अशी अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. तिकडे याला 'ड्युअल इन्टेन्ट' म्हणतात. म्हणजे दोन हेतू बाळगायला कायद्याची मुभा आहे. आता कलम ४० बघा. महत्त्वाची गोष्ट खोटी सांगितली किंवा दडवली तर पाच वर्षं कॅनडात प्रवेश बंद, आणि त्या पाच वर्षांत पीआरचा अर्जही करता येत नाही. जी गोष्ट सांगायला कायदा परवानगी देतो, ती लपवून सहा आठवड्यांच्या भेटीसाठी अख्खा पीआर पणाला लावण्यात काय अर्थ आहे?

अधिकाऱ्याच्या मनातला खरा प्रश्न असा असतो: 'पीआर नाकारला गेला किंवा लांबला, तर हा माणूस ठरल्या तारखेला विमानात बसेल का?' तुमचा प्रत्येक कागद या एका प्रश्नाला उत्तर देणारा हवा.

आधी आपली पायरी ओळखा

एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे जानेवारी २०१५ पासून चालू असलेल्या गुणांच्या पद्धतीत, नुसतं प्रोफाइल बनवणं म्हणजे पीआरचा अर्ज नव्हे. तुम्ही पूलमध्ये, म्हणजे इच्छुकांच्या यादीत आहात, एवढंच. त्या यादीतून पीआरचा अर्ज करण्याचं निमंत्रण आलं की ६० दिवसांत खरा अर्ज भरायचा असतो. तो गेला की तुमची पीआरची फाइल उघडली. हा फरक लक्षात ठेवा, कारण व्हिजिटर व्हिसाच्या अर्जात 'यापूर्वी कॅनडात येण्यासाठी किंवा राहण्यासाठी अर्ज केला आहे का' असा थेट प्रश्न असतो. पीआरचा अर्ज गेला असेल तर उत्तर 'होय' आणि खाली तपशील: कोणत्या प्रकारातला, कधीचा, फाइल क्रमांक काय. प्रोफाइल नुसतं पूलमध्ये असेल तर या चौकटीत 'होय' लिहायची वेळ आलेली नसते, पण सोबतच्या पत्रात एका ओळीत त्याचा उल्लेख करावा असं मी सांगेन. व्हिसा देणाऱ्या इमिग्रेशन खात्याच्याच संगणकात तुमचं प्रोफाइल पडलेलं आहे. अधिकाऱ्याने ते स्वतः शोधून काढण्यापेक्षा तुम्ही आधीच सांगितलेलं बरं.

पीआर अगदी हाताशी आला असेल, मेडिकल आणि पोलीस सर्टिफिकेट सगळं होऊन पासपोर्ट मागण्याची वेळ जवळ आली असेल, तर फार निकड नसेल तोवर भेट पुढे ढकला. पासपोर्ट दोन कामांसाठी एकदम लागला की विनाकारण ओढाताण होते.

आणखी एक गैरसमज इथेच निकालात काढू. व्हिजिटर म्हणून जाऊन आल्याने पीआरचे गुण वाढत नाहीत. कॅनडातलं शिक्षण, तिथला कामाचा अनुभव, तिथे असलेला सख्खा भाऊ किंवा बहीण यांना गुण आहेत, पर्यटनाला नाहीत. 'एकदा जाऊन या, प्रोफाइल स्ट्राँग होईल' असं सांगून कोणी पैसे मागत असेल तर नमस्कार करून निघा.

पत्र: फाइलचा कणा

व्हिसाच्या अर्जासोबत एक-दीड पानाचं पत्र जोडा. ते इंग्रजीत (किंवा फ्रेंचमध्ये) लिहायचं असतं, पण त्यातला मजकूर कसा असावा हे इथे मराठीत सांगतो. समजा पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारी एक मुलगी मिसिसॉगाच्या भावाकडे लग्नासाठी जाते आहे. तिच्या पत्राचा गाभा असा असेल:

'माझ्या सख्ख्या भावाचं लग्न अमुक तारखेला मिसिसॉगात आहे. मी त्याआधी आठ दिवस जाऊन लग्नानंतर दोन आठवड्यांनी परत येणार आहे. माझ्या कंपनीने या काळाची रजा मंजूर केली आहे. पत्र जोडलं आहे. मी एक्स्प्रेस एंट्रीतून पीआरसाठी अर्ज केला असून तो अजून प्रलंबित आहे. फाइल क्रमांक अमुक. ही भेट त्या अर्जाचा भाग नाही. त्या अर्जाचा निर्णय काहीही आणि केव्हाही लागला, तरी मी माझ्या अधिकृत मुक्कामाची मुदत संपण्याआधी भारतात परत येईन. पुण्यात माझी नोकरी आहे, माझ्या नावावर घराचं कर्ज चालू आहे आणि आई-वडील माझ्यासोबत राहतात.'

या पत्रात कलम २२ चा उल्लेख एका वाक्यात करायला हरकत नाही. कायद्याचे परिच्छेदच्या परिच्छेद मात्र उतरवू नका. अधिकाऱ्याला कायदा माहीत असतो, त्याला तुम्ही माहीत नसता. 'कॅनडा माझं स्वप्न आहे', 'तिथली जीवनशैली मला फार आवडते' ही वाक्यं व्हिजिटरच्या पत्रात नकोत. तारखा, कारण आणि परतीची बांधीलकी एवढंच ठेवा. तारखाही एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. रजा तीन आठवड्यांची आणि मुक्काम तीन महिन्यांचा दाखवला तर बाकीचं पत्र वाया गेलं.

परतीचा पुरावा, आणि आपल्याकडचे कागद

सगळ्यांत जास्त वजन नोकरी-धंद्याला. नोकरदारांनी रजा मंजुरीचं पत्र घ्यावं आणि त्यात परत रुजू होण्याची तारीख स्पष्ट असावी. त्यासोबत तीन ते सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, मागच्या दोन-तीन वर्षांचे आयटी रिटर्न. धंदा असेल तर जीएसटी नोंदणी, शॉप अॅक्ट किंवा उद्यमचं प्रमाणपत्र, चालू खात्याचा उतारा. आणि तुम्ही नसताना दुकान किंवा ऑफिस कोण बघणार हे पत्रात एका ओळीत.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. पीआर येणार या भरवशावर बरेच जण इकडचं बस्तान आधीच गुंडाळायला लागतात. राजीनामा देतात, फ्लॅट विकायला काढतात, गाडी विकतात. त्यानंतर व्हिजिटर व्हिसा मागितला की परतीचा पुरावा उरतोच कुठे? भेटीला जायचं असेल तर नोकरी चालू असताना, घर नावावर असताना जा. आवराआवर पीआर हातात पडल्यावर.

पैशांसाठी व्हिजिटरला ठरावीक किमान आकडा नाही. मुक्काम किती दिवसांचा, राहणार कोणाकडे, तिकीट कोण काढणार, यावर तो अवलंबून असतो. सहा महिन्यांचा बँक उतारा द्या आणि अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात मोठी रक्कम आली असेल तर ती कुठून आली याचा कागद जोडा: एफडी मोडली, वडिलांनी दिली, जमिनीचा व्यवहार झाला, जे असेल ते. एक्स्प्रेस एंट्रीसाठी दाखवलेला निधी आणि इथे दाखवलेला निधी एकाच खात्यातला असला तरी चालतो. पण तीच रक्कम इथे तुमची आणि तिथे वडिलांची, असं होऊ देऊ नका.

शेतजमीन असेल तर सातबारा आणि आठ-अ, शहरातल्या जागेसाठी प्रॉपर्टी कार्ड किंवा करारनामा. हे कागद मराठीत असतात, म्हणून त्यांचं इंग्रजी भाषांतर लागतं. भाषांतरकार अधिकृत प्रमाणित नसेल तर त्याचं प्रतिज्ञापत्रही लागतं, आणि स्वतः किंवा नातेवाइकाने केलेलं भाषांतर चालत नाही. मालमत्तेला फार महत्त्व देऊ नका, हेही सांगतो. दहा एकर जमीन तुम्ही कॅनडात राहिलात तरी जागच्या जागीच राहते, हे अधिकाऱ्यालाही कळतं. चालू नोकरी, शिकणारी मुलं, सांभाळायचे आई-वडील यांचं वजन जास्त. याआधी परदेशात जाऊन वेळेत परत आला असाल तर त्या शिक्क्यांच्या प्रतीही जोडा.

यजमानाकडून निमंत्रणपत्र घ्या: त्याचं पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता, तो नागरिक आहे की पीआर, काम काय, घरात कोण कोण राहतं, तुम्ही किती दिवस राहणार, खर्च कोण करणार. सोबत त्याच्या पीआर कार्डाची किंवा पासपोर्टची प्रत. खर्च तो करणार असेल तर त्याच्या उत्पन्नाचा पुरावाही.

फॉर्म भरताना

प्रश्न आयएमएम ५२५७ या फॉर्मवर असोत वा पोर्टलच्या पडद्यावर, पीआरच्या फाइलची प्रत शेजारी ठेवूनच भरा. नोकरीच्या तारखा, पद, पत्ते, शिक्षणाची वर्षं एकसारखी हवीत. कुटुंबाच्या माहितीत भावंडं लिहावी लागतात. एक्स्प्रेस एंट्रीत कॅनडातल्या भावाचे १५ गुण घेतले आणि व्हिजिटरच्या फाइलमध्ये त्याच भावाचं नावच नाही, असं झालं तर कोणतं खरं मानायचं?

आपल्याकडच्या बायकांच्या नावांचा घोळ इथे हमखास होतो. डिग्रीवर माहेरचं नाव आणि वडिलांचं नाव, पासपोर्टवर सासरचं आडनाव आणि नवऱ्याचं नाव. फॉर्ममध्ये 'पूर्वी वापरलेलं दुसरं नाव' हा रकाना त्यासाठीच असतो. तो भरा आणि विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद जोडा.

पूर्वीचे नकार सांगायचे म्हणजे सगळे सांगायचे, कोणत्याही देशाचे. दहा वर्षांपूर्वी अमेरिकेच्या वकिलातीत दोन मिनिटांत व्हिसा नाकारला गेला होता, तोसुद्धा. कलम ४० मध्ये अडकण्याची ही अगदी नेहमीची वाट आहे. जुन्या नकारामुळे आपोआप नवा नकार येत नाही. लपवलेला नकार मात्र फाइल बुडवू शकतो.

फी व्हिसासाठी १०० कॅनेडियन डॉलर आणि बोटांचे ठसे व फोटो यांसाठी ८५. ठशांचं पत्र आल्यावर ३० दिवसांत व्हीएफएसच्या, म्हणजे व्हिसाची कामं घेणाऱ्या कंपनीच्या, केंद्रात जायचं. महाराष्ट्रात मुंबई आणि पुण्याला केंद्र आहे. ठसे दहा वर्षं चालतात, म्हणून आधी दिले असतील तर पैसे भरण्यापूर्वी त्यांची मुदत तपासा.

पैसे घेऊन अर्ज भरून देण्याचा अधिकार फक्त तिकडच्या वकिलांना व परवानाधारक पॅरालीगलना (कायद्याची कामं करणाऱ्या सहायकांना), क्वेबेकच्या नोटरींना आणि कॅनडाच्या नियामक कॉलेजचे, म्हणजे इमिग्रेशन सल्लागारांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचे, परवानाधारक असलेल्या सल्लागारांना आहे. परवाना क्रमांक मागा आणि कॉलेजच्या संकेतस्थळावर नाव शोधा. अर्ज कोणीही भरला तरी खोट्या माहितीची जबाबदारी तुमचीच असते, म्हणून पाठवण्यापूर्वी प्रत्येक पान स्वतः वाचा आणि पूर्ण प्रत जवळ ठेवा.

नवरा किंवा बायको तिकडे असेल तर

ड्युअल इन्टेन्टचा सर्वांत जास्त उपयोग इथे होतो. स्पॉन्सरशिपची फाइल कॅनडाबाहेरच्या अर्जदारांच्या प्रकारात टाकली असेल तरी त्या काळात व्हिजिटर म्हणून जाऊन राहता येतं. त्याने फाइल रद्द होत नाही. मे २०२३ मध्ये कॅनडाच्या इमिग्रेशन मंत्र्यांनी स्पॉन्सरशिपमधल्या जोडीदारांचे व्हिजिटर अर्ज लवकर हाताळण्याचं जाहीर केलं होतं, तेही याच विचारातून. अशा अर्जात लग्नाचे पुरावे, स्पॉन्सरशिपचा अर्ज पोचल्याची पोच आणि नवऱ्याच्या नोकरीचे कागद जोडा.

प्रकार निवडताना मात्र विचार करा. बाहेरच्या प्रकारात नकार आला तर स्पॉन्सरला अपील करता येतं. कॅनडात एकत्र राहणाऱ्यांच्या प्रकारात ती सोय नाही, आणि मध्येच भारतात यावं लागलं व परत प्रवेश मिळाला नाही तर फाइलच धोक्यात येते. आई-वडील आजारी आहेत, केव्हाही यावं लागेल, अशी स्थिती असेल तर बाहेरचा प्रकार बरा. तिथे पोचल्यावर, स्पॉन्सरशिपच्या अर्जाची पोच मिळाली असेल तर ओपन वर्क परमिटसाठी, म्हणजे कोणत्याही मालकाकडे काम करायच्या परवान्यासाठी, अर्ज करता येतो. तो हातात येईपर्यंत काम नाही.

आई-वडिलांसाठी सुपर व्हिसा हा स्वतंत्र रस्ता आहे. २०११ च्या डिसेंबरात तो सुरू झाला आणि जुलै २०२२ पासून एका प्रवेशावर पाच वर्षांपर्यंत राहता येतं. मुलाचं किमान उत्पन्न, मेडिकल तपासणी आणि किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा वर्षभराचा आरोग्य विमा लागतो. आई-वडिलांच्या पीआरसाठी सोडतीची वाट बघत बसण्यापेक्षा बहुतेक घरांसाठी हाच पर्याय व्यवहाराचा आहे.

नकार आला तर

घाईने तीच फाइल पुन्हा टाकू नका. जुलै २०२५ च्या अखेरीपासून व्हिजिटर व्हिसाच्या नकारपत्रासोबत अधिकाऱ्याच्या टिपणी जोडल्या जाऊ लागल्या आहेत. त्या नीट वाचा. 'कॅनडातले कौटुंबिक संबंध', 'भेटीचा हेतू', 'आर्थिक स्थिती' यांपैकी बोट कशावर आहे ते बघा आणि त्याच जागेवर नवा पुरावा देऊन अर्ज करा. व्हिजिटरच्या नकाराला नेहमीचं अपील नसतं. फेडरल कोर्टात दाद मागता येते आणि कॅनडाबाहेरच्या निर्णयासाठी मुदत ६० दिवसांची असते. अधिकाऱ्याने फक्त पीआरची फाइल आहे एवढ्यावरून नकार दिल्याचं टिपणीत दिसत असेल तर तिकडच्या वकिलाला जरूर दाखवा. या नकाराने पीआर थांबत नाही. मात्र पीआरच्या अर्जात विचारलं की तो सांगायचा, आणि अर्ज आधीच गेला असेल तर इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावरच्या वेबफॉर्मवरून कळवायचा.

अमेरिकेत नातेवाईक असलेल्यांनी हा सगळा हिशोब तिकडे लावू नये. अमेरिकेच्या कायद्यात कलम २१४(ब) नुसार पर्यटक अर्जदार स्थायिक व्हायलाच येतोय असं आधीच गृहीत धरतात आणि ते खोडून काढणं तुमच्याकडे असतं. दोन हेतूंची मोकळीक तिथे एच-१बी आणि एल या नोकरीच्या व्हिसांना आहे, बी-१/बी-२ या भेटीच्या व्हिसाला नाही. भावाने तुमच्या तिथे स्थायिक होण्यासाठी पिटिशन टाकलं असेल तर अमेरिकी व्हिसाचा डीएस-१६० फॉर्म ते विचारतो, आणि तिथेही 'होय' हेच उत्तर.

विमानतळावर आणि तिथे असताना

व्हिसा म्हणजे दारापर्यंतची परवानगी. आत सोडायचं की नाही हे विमानतळावरचा सीमा अधिकारी ठरवतो. रजेचं पत्र, परतीचं तिकीट, निमंत्रण आणि पीआरच्या फाइलची पोच हातातल्या बॅगेत ठेवा. त्याने विचारलं तर पत्रात लिहिलं तेच बोला. 'पीआरचा अर्ज केलाय?' 'हो, केलाय. पण आत्ता लग्नाला आलेय, अमुक तारखेला परत जाणार.' एवढं पुरे. सामान मुक्कामाच्या मानाने असावं; तीन आठवड्यांच्या लग्नाला अख्खा संसार बांधून नेला तर प्रश्न विचारले जाणारच.

पासपोर्टवर वेगळी तारीख लिहिली नसेल तर मुक्काम प्रवेशाच्या दिवसापासून सहा महिन्यांचा. व्हिसाची शेवटची तारीख आणि मुक्कामाची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुदत वाढवायची असेल तर ती संपण्याच्या किमान ३० दिवस आधी अर्ज करा. चुकून उलटली तर ९० दिवसांत व्हिजिटर म्हणून असलेली स्थिती पूर्ववत करून घेण्याचा अर्ज असतो, पण तिथवर जाऊ नका.

'व्हिजिटरवर जा, तिथे नोकरी शोधून वर्क परमिट काढू' ही जुनी टूम अजूनही ऐकू येते. कोविडच्या काळात, ऑगस्ट २०२० मध्ये व्हिजिटरना देशात राहूनच वर्क परमिट मागण्याची तात्पुरती सवलत दिली होती. ती २८ ऑगस्ट २०२४ ला बंद झाली. भारतातल्या आपल्याच कंपनीचं काम लॅपटॉपवर करायला आडकाठी नाही. तिथल्या दुकानात रोख पैशांवर चार दिवस उभं राहणं मात्र बेकायदा आहे, आणि 'परवानगीशिवाय काम केलं का' हा प्रश्न पुढच्या प्रत्येक अर्जात समोर येतो.

परतल्यावर बोर्डिंग पास आणि तिकिटाची प्रत जपून ठेवा. पीआरच्या फाइलमधला प्रवासाचा इतिहास आता बदललेला आहे: अर्ज अजून भरायचा असेल तर ही भेट त्यात लिहा, भरून झाला असेल तर फाइल क्रमांकासह वेबफॉर्मवरून जाण्या-येण्याच्या तारखा कळवा.